सातव्या आसरेची ओटी

आमच्या दोघांचं मिळून झालेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. फाल्गुन सरत आलेला. जमीन सगळी कंपनीत गेली तरी घरामागचं चिंचेचं झाड आमच्याकडं राहिलंय, आणि दरसाल त्याच्या चिंचा आम्ही दोघंच फोडायचो. ओट्यावर पोतं अंथरायचं, मी टरफल सोलून चिंच दगडावर धरायची, हातोडीनं हलकी ठोकायची, आणि पारूनं चिंचोके काढायचे, अशी वाटणी लग्नापासूनची. त्या दिवशी बसायच्या आधी तिनं एकेक बोट दुसऱ्या हातात घेऊन चोळलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश, लहान लेकरांची तोंडं पुसावीत तसं.

मी विचारलं, "आज कुठं?"

"आज आक्का बोटात उतरल्यात. काल मानंत व्हत्या."

"मग बस की गप. मी एकटा फोडतो."

"फोडाल वो, पर निम्मे चिंचोके आतच ठेवाल आन् सुनंचा दात पडंल."

पोतं निम्मं झालं तेव्हा ती थांबली. बोटं अजून चालत होती, तरी थांबली. म्हणाली, "बास. दुखायच्या आधी बसायचं. दुखल्यावर बसून काय उपेग?" हे तिचं नेहमीचं बोलणं. उरलेल्या चिंचांच्या पोत्याचं तोंड मी सुतळीनं बांधलं आणि खुंटीला टांगलं. उद्या करू म्हणालो.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, काळीज थांबलं. तिच्या तोंडावर दुखण्याची एक रेघ नव्हती. इतक्या वर्षांत तिचं तोंड तसं मोकळं मी पाहिलं नव्हतं, म्हणून क्षणभर मला वाटलं, ही दुसरीच कोणी बाई आहे.

आक्का म्हणजे कोण ते सांगतो. आक्का म्हणजे पारूचं दुखणं. पोरगा शाळेत जायला लागला त्या सुमारास तिची मान धरली. कांद्याच्या पाट्या उचलून धरली असेल असं आम्ही समजलो. मग ते खांद्यात आलं, खांद्यातून कमरेत, कमरेतून गुडघ्यात. सुरवातीला चोरासारखं यायचं, ठणकून जायचं. पुढं ते जाईनासंच झालं, अंगभर पसरलं. सकाळी उठताना तिचं अंग लाकूड झालेलं असायचं. रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले, सगळं चांगलं निघालं. मधली वर्षं फार वाईट गेली. ओली साडी पिळता येत नव्हती, झोप लागत नव्हती, आणि बायका म्हणायच्या, दिसायला तर धडधाकट आहे. त्या वर्षांत ती दुखण्याला मुडदा म्हणायची, मेलं म्हणायची. पन्नाशीनंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दुखणं गेलं असं नाही, पण त्याची धार बसली. ती त्याच्या कलानं घ्यायला शिकली. थोडं काम, मग टेकायचं, मग पुन्हा थोडं. थंडी पडली की जास्त, कोणाशी भांडण झालं की जास्त, नातवंड मांडीवर आलं की कमी. आणि एक दिवस ती दुखण्याला आक्का म्हणाली. थोरली नणंद घरी राहायला येते, किती दिवस राहील ते सांगत नाही, कुठल्या खोलीत बसेल ते सांगत नाही, पण तिचा मान ठेवावाच लागतो, तसं. मला म्हणायची, "लगीन तुमच्यासंगं लागलं, पर संसार आक्कासंगं झाला."

तेरावं झालं, पाव्हणे पांगले, आणि माझा उजवा खांदा दुखायला लागला. मी म्हटलं, झोपण्यात अवघडला असेल. आठवड्यानं मान. मग दोन्ही गुडघे. मग कुठं ते सांगताच येईना. सकाळी पायांची बोटं वाकत नसत. चाकणच्या डॉक्टरनं सगळं तपासलं आणि म्हणाला, "बाबा, हाडात काही नाही. माणूस गेल्यावर कधी कधी शरीर असं धरतं. हे बदलत राहील, कमी होईल, परत येईल. पडून राहू नका, रोज थोडं थोडं चाला." मी ऐकलं नाही. मला माझं कारण सापडलं होतं. माझी खात्री झाली की आक्का तिला शोधत घरभर फिरली, ती सापडली नाही, म्हणून माझ्यात शिरली. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागलो. आधी दुपारी, मग सकाळीही, मग दिवसभर. माझी सून रूपाली बोलून बोलून थकली.

"अण्णा, उठा. डॉक्टर काय म्हणाले? चाला."

"तुझ्या डॉक्टरला म्हणावं, तूच चाल."

"तो चालतो हो. तुमचं बोला."

जेवण नको वाटे. डोळे मिटले की पारू ओट्यावर बसलेली दिसायची, आणि डोळे उघडले की खुंटीवरचं पोतं. त्या पोत्याला मी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतःही लावला नाही. खरं सांगतो, मला बरं व्हायचं नव्हतं. मला फक्त संपायचं होतं, आपोआप, तिच्यासारखं.

आषाढ लागला तसा मला आसरांचा दिवस आठवला. आमच्या जुन्या मळ्यात एक विहीर आहे आणि तिच्या काठाला साती आसरा आहेत. शेंदूर लावलेले सात दगड, पाण्यातल्या सात बहिणी. गावातल्या सात घरांकडं एकेक आसरा. आषाढात प्रत्येक घरच्या सवाष्णीनं आपल्या आसरेची ओटी भरायची. एका बाईनं त्या दिवशी एकच ओटी भरायची, दुसऱ्या घरची भरायची नाही, अशी रीत. आमची शेवटची, सातवी, जरा वाकडी. आता तो मळा कंपनीच्या भिंतीच्या आत आहे, पण विहीर कंपनीनं बुजवली नाही आणि देवीला कोणी हलवलं नाही. वर्षातून एक दिवस दुपारी बारापर्यंत आत सोडतात. देवीचा वार मंगळवार, पण कंपनीला सुट्टी गुरुवारी, म्हणून आमच्या आसरांनी गुरुवार घेतला. पारू म्हणायची, "देवी आपल्यापरीस शानी. शिफ्ट बदलून घेतली." आत काडी ओढायला बंदी, म्हणून धूप नाही, कापूर नाही. डोक्यावर हेल्मेट घातल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. पारू हेल्मेटवरून पदर घ्यायची. आक्का कितीही बसलेली असो, एक साल तिनं चुकवलं नाही. मधल्या वाईट वर्षांत तिला मी बैलगाडीतून नेलंय.

जुनी माणसं मानतात की अंगातलं असं दुखणं आसरा देतात आणि आसराच नेतात. मी मनाशी ठरवलं, यंदा जायचं आणि आक्काला तिथं सोडून यायचं. घे बाई तुझी तू, म्हणायचं, आणि मोकळं व्हायचं. बाकी मग काय व्हायचं ते होवो.

ओटीचं सामान रूपालीनं आणलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या, दहीभाताचा डबा. ओटी तीच भरणार होती. आणि गुरुवारी सकाळी तिला अडचण आली. दाराआड उभी राहून रडकुंडीला आली. म्हणाली, "अण्णा, मला शिवता यायचं न्हाई. आता काय करायचं?" मी रंडका माणूस, मला ओटी भरता येत नाही. शेजारच्या बायका आपापल्या ओट्या घेऊन सकाळीच गेलेल्या, आणि रिकामी असती तरी एकीला एकच. म्हणजे पारू गेल्याच्या पहिल्याच साली आमच्या घरची आसरा रिकाम्या ओटीची राहणार. हे माझ्यानं सहन होईना. किती महिन्यांनी मला कशाचा तरी राग आला. मी म्हणालो, आण ती पिशवी इकडं.

"अण्णा, भरणार कोण?"

"ते ती बघंल. मी पोचवतो."

पण उठणं म्हणजे काय असतं ते ज्याचं दुखतं त्यालाच कळतं. अंग सैल व्हायलाच सकाळ गेली. पोरानं गाडीवर गेटाशी सोडलं आणि तो त्याच्या शिफ्टला गेला, त्याची कंपनी वेगळी. गावच्या बायका ओट्या भरून परत निघालेल्या. माझ्याकडं बघून एक म्हणाली, "भाऊजी, उशीर केला."

गेटावर एक सिक्युरिटीवाली बाई होती. निळा गणवेश, कपाळाला कुंकू, बोली मराठवाड्याची. तिनं माझ्या गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला घातला, डोक्यावर हेल्मेट ठेवलं. एकट्याला आत सोडत नाहीत म्हणून तीच बरोबर निघाली. बारा वाजत आले होते आणि विहीर पार मागच्या भिंतीशी. मी पाय उचलायला लागलो.

आत मी एरवी पारूच्या मागं चालायचो. त्या दिवशी पुढं कोणी नव्हतं. रस्ता धुतल्यासारखा, माणसांनी चालायची पिवळी पट्टी ओढलेली. त्या पट्टीखाली आमचा कांद्याचा वाफा होता. सुट्टीमुळं सगळी यंत्रं गप्प, आणि बारीक भुरभुर पत्र्यावर पडत होती, कोणी लांब सूप पाखडतंय तशी. ऑइलचा वास येत होता आणि त्याच्या खालून ओल्या मातीचा. मला वाटलं, मी झोपेत चालतोय. पट्टीच्या कडेनं मोटेचा बैल गेल्यासारखा वाटला. शेडच्या काचेत एक म्हातारा हेल्मेट घालून पिशवी घेऊन चालला होता, तो मीच आहे हे कळायला वेळ लागला. आणि काचेतल्या त्या म्हाताऱ्याच्या पुढं, जरा वाकून, एक हात कमरेवर ठेवून, कोणीतरी चाललंय असं मला दिसलं. मी त्या चालीला ओळखतो. मी घाई केली.

गुडघ्यात कळ आली आणि मी थबकलो.

"कामून पळायलाव बाबा?" ती बाई म्हणाली. "बसा की जरा."

"बारा वाजतील."

"वाजू द्या. गेट माझ्याच हातात हाय." तिनं कडेच्या कठड्यावर जागा पुसली. "दुखायच्या आधी बसायचं असतंय. दुखल्यावर बसून काय उपेग?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. हे बोलणं ह्या जगात मी एकाच तोंडून ऐकलं होतं. मी विचारलं, "तुला कोणी शिकवलं हे?"

"कोण शिकवील? अंगानंच शिकवलं." ती शेजारी टेकली. "मला बी हाय हे. बाळंतपणानंतर मानंत धरलं, मंग खांद्यात, आता काय पत्ता नाही, सकाळी उठल्यावर कळतंय आज कुठं. आधी लई रडायचे. आता रडत नाही. तेवढा वेळ कुठाय?" असं म्हणून हसली.

आम्ही थोडं बसलो, मग थोडं चाललो, मग बसलो. असं करत विहिरीपर्यंत गेलो. सहा दगडांपुढं हिरवे खण, बांगड्या, दहीभात. सातव्यापुढं ओला सिमेंटचा कोबा. मी पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, कारण मला फिरवून बोलता येत नाही. "बाई, तू सवाष्ण हायेस का?"

"हाय की. रोज डबा मागतोय म्हंजे असंलच."

"आज कोणाची ओटी भरलीस?"

"मी कुणाची भरू बाबा? मी गेटावरची."

मी तिला सांगितलं, आमची बायको गेली, सुनेला अडचण आली, आणि ही आमच्या घरची आसरा. परक्या बाईनं भरलेली चालते का ते मला माहीत नाही. ती दगडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "परकी कोण? तुमी बी इथं बिल्ला लावून आलाव, मी बी बिल्ला लावून. ही एकटीच बिनबिल्ल्याची हाय."

तिनं बूट काढले, हेल्मेट तसंच ठेवलं. आणि गुडघ्यावर बसण्याआधी तिनं एकेक बोट दुसऱ्या हातात घेऊन चोळलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश. मग हळदकुंकू वाहिलं, खण पसरला, बांगड्या ठेवल्या, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. ओंजळीतून तांदूळ पडताना पत्र्यावरच्या भुरभुरीसारखाच आवाज झाला. मी हात जोडून उभा होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हेल्मेटच्या पट्ट्यावरून गळ्यात उतरत होतं. पारू गेल्यापासून मी रडलो नव्हतो.

"मागा काय मागायचं ते," ती बाजूला होत म्हणाली.

मी पाठ करून आलो होतो. घे बाई तुझी आक्का, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शब्द येईना. कारण उभ्या उभ्या मला कळलं की आक्काला सोडून गेलो तर मी कोणाबरोबर घरी जाणार? तिच्या साड्या वाटल्या, तिचं अंथरूण गेलं. पारूनं जन्मभर जिच्यासंगं संसार केला, तिला ओळखणारा आता मी एकटाच. ती आणि मी एकाच बाईच्या मागं उरलो होतो. मी वाकड्या दगडावर डोकं टेकवलं, हेल्मेट खणकन वाजलं, आणि म्हणालो, "राहायचं तर राहा. पण जरा सरकून बस. मला उठायला जागा ठेव."

आसरेला म्हणालो की आक्काला, ते मला आजही सांगता येणार नाही.

दहीभात आम्ही दोघांनी तिथंच खाल्ला. मला भूक लागली होती. परत येतानाही थोडं चाललो, थोडं बसलो. गेटाशी मी तिच्या पाया पडायला वाकलो तर मागं सरली, "अवो बाबा, पाप लावता का?" पुढं पोरगा एकदा त्या गेटावरून गेला. तो म्हणाला, ती बाई त्या दिवसापुरती दुसऱ्या कोणाच्या बदली आली होती, आता कुठं आहे ते गेटावरच्यांना माहीत नाही. अजून चौकशी करू का, विचारत होता. मी नको म्हणालो. दिलेलं घ्यावं आणि हात जोडावेत. ती कोण होती ते मी मनातल्या मनातही ठरवत नाही.

दुखणं गेलं का, असं लोक विचारतात. गेलं नाही. पण त्याचं रूप बदलत चाललंय, हे मला आता दिसतं. पूर्वी ते भिंतीसारखं पुढं उभं होतं, आता शेजारी असतं. एखादा दिवस खांद्यात, एखादा दिवस घोट्यात, एखाद्या दिवशी कुठंच नाही, आणि तसा दिवस आला की मीच जरा चुकल्यासारखा होतो. मला शिक्षण नाही, देवाधर्मातलं फार कळत नाही. एवढं कळलं की मी देवीला काय द्यायचं आणि तिनं काय न्यायचं हे सगळं घरूनच ठरवून गेलो होतो. तिनं माझ्या हातातलं ठरवणं तेवढं घेतलं, बाकी सगळं माझं मला परत दिलं. माझ्यासारख्या हेकट माणसाची तिनं एवढी दखल घेतली, ह्याचे उपकार मी ह्या जन्मी फेडू शकत नाही.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा आक्का डाव्या खांद्यात होती. मी पडल्या पडल्या एकेक बोट चोळलं, करंगळीपासून. मग उठलो. खुंटीवरचं पोतं काढलं, सुतळी सोडली. चिंचा काळपट झाल्या होत्या, पण वास चांगला होता. ओट्यावर दगड घेतला, हातोडी घेतली आणि सोलायला, फोडायला बसलो. चिंचोकेही मीच काढले, एकेक, नीट बघून. आवाज ऐकून रूपाली दारात आली, आणि परात आणून माझ्यापुढं ठेवली. परातीचा तळ झाकला गेला तेव्हा हात अजून चालत होते. मी हातोडी खाली ठेवली आणि दुखायच्या आधी थांबलो.